ऐकलेल्याची पारख



२०१९ साली बीड जिल्हा एका आकड्यामुळे देशभर चर्चेत आला. ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्या, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य यंत्रणेने जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी केली, आणि त्यांतल्या साडेतेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींमागे एक.

एवढा आकडा हाती आला की काम संपलं असं वाटू शकतं. खरं तर ते तिथून सुरू होतं. त्या बाईने पिशवी का काढली? हे तक्त्याच्या रकान्यात मावत नाही. त्यासाठी तिच्यापाशी बसावं लागतं. समजा, एखादी संशोधक विद्यार्थिनी अशा तीस जणींपाशी बसते, त्यांचं ऐकते, प्रबंध लिहिते आणि तो घेऊन चर्चासत्रात उभी राहते. पहिला प्रश्न ठरलेला असतो: तीसच बायका? दुसरा: त्यांनी सांगितलं ते खरं कशावरून? आणि तिसरा, जो फार थोडे जण विचारतात: त्यांनी सांगितलं तेच तुम्ही ऐकलं कशावरून?

हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. गुणात्मक संशोधन करणाऱ्यांनी त्यांच्यावर रागावण्याचं कारण नाही. ‘आम्ही आकडे मोजत नाही, माणसं समजून घेतो’ हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण त्याने कुणाचं समाधान होऊ नये. माणसं समजून घेतली याचा पुरावा काय? तीस मुलाखतींच्या कामात काटेकोरपणा असू शकतो का? असू शकतो. तो कुठून येतो आणि कुठे निसटतो, एवढाच आजचा विषय.

आधी बीडमध्येच थोडं थांबू या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत अंग आखडून चालत नाही. फडावर गेलं नाही की खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीत पोट दुखो की अंगावरून जावो, बाई पहाटे फडात मोळ्या बांधत असते, आणि कोपीच्या आसपास ना न्हाणी, ना संडास. हे सगळं पाहिलं की एक स्पष्टीकरण आपोआप तयार होतं: खाडे पडू नयेत म्हणून मुकादम पिशवी काढायला लावतो. बातमीला हे पुरतं, कारण त्यात दोषी माणूस एकच असतो. संशोधक हे मनात धरून गावात गेली तर तसं सांगणाऱ्या बायका तिला भेटतीलही.

पण मग तिने पुढे काय करायचं? आपल्याला दुजोरा देणारी एकतिसावी बाई शोधायची? नाही. आपल्याला खोटं ठरवणारी शोधायची. पंधरा वर्षं ऊस तोडते आहे आणि पिशवी शाबूत आहे, अशी बाई काय सांगते? जिने तोडीसाठी गाव कधीच सोडलं नाही, तरी ऑपरेशन केलं, तिचं काय? मुकादमाच्या घरातल्या बायकांचं काय? या बायकांना भेटल्यावर चित्र बदलू लागतं. कोवळ्या वयातलं लग्न, विशीच्या आसपास मुलं होऊन झालेली नसबंदी, वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं दुखणं, ‘कॅन्सर होईल’ हे डॉक्टरचं वाक्य आणि जवळपास दुसरा दवाखाना नसणं, हे सगळं त्यात येतं. मुकादम आणि खाडा त्यातून वजा होत नाहीत, त्यांची जागा मात्र नेमकी ठरते. उलट साक्ष देणाऱ्या माणसाला मुद्दाम शोधून काढणं हा गुणात्मक संशोधनातल्या काटेकोरपणाचा गाभा आहे, आणि आपल्याकडच्या प्रबंधांत सर्वांत कमी दिसणारी गोष्टही हीच आहे.

त्याच्या जोडीला कागद. बाईकडे कागदांची जपून ठेवलेली थैली असते, तिच्यात दवाखान्याची फाइल, सोनोग्राफीचा रिपोर्ट, औषधांची बिलं. तिने सांगितलेलं आणि फाइलमध्ये लिहिलेलं जुळलं तर बरंच. पण जुळलं नाही तर? ती म्हणते, कॅन्सरची भीती होती म्हणून काढली. फाइलमध्ये कॅन्सरचा शब्दही नाही. इथे घाईचा संशोधक म्हणेल, बाईला आठवत नाही. नीट विचार करणारा म्हणेल, तिला तोंडी काय सांगितलं गेलं आणि कागदावर काय लिहिलं गेलं, यांतलं अंतर हेच आपल्याला सापडलं आहे. अनेक बाजूंनी पडताळा घ्यायचा तो सगळे आवाज एका सुरात आणण्यासाठी नव्हे. ते कुठे फुटतात, हे कळावं म्हणून.

आता तो पहिला प्रश्न. तीस पुरेत का? बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या दोघांनी १९६७ साली यावर एक कसोटी मांडली. नव्या मुलाखतीतून नवं काही निघेनासं झालं, की थांबावं. त्याला संपृक्तता म्हणतात, आणि आज हा शब्द प्रबंधात असतोच असतो. पण कुणाच्या ओळखीने या तीस जणी भेटल्या? गावातल्या आशाताईंनी सगळ्यांशी गाठ घालून दिली असेल, तर दहाव्या मुलाखतीपासूनच तेच तेच ऐकू येणार, कारण त्या साऱ्या आशाताईंच्या ऊठबशीतल्या. जिचं त्यांच्याशी पटत नाही, जी वस्तीच्या टोकाला राहते, ती यादीत आलेलीच नाही. एकाच दारातून आत गेल्यावर घर लवकर पाहून होतं. म्हणून ‘तीस’ या आकड्यापेक्षा ‘किती दारांनी’ हे विचारणं अधिक महत्त्वाचं.

आणि कधी? ऊसतोडीचा हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जानेवारीत बीडच्या एखाद्या तांड्यावर गेलात तर तिथे म्हातारी माणसं, काही मुलं आणि तोडीला न गेलेली घरं भेटतील. जिच्यावर संशोधन करायचं ती बाई त्या वेळी सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात फडावर असते. विद्यापीठाच्या वेळापत्रकाला हिवाळा सोयीचा म्हणून हिवाळ्यात गेलेला संशोधक आपल्या विषयालाच चुकतो.

रॉबर्ट चेंबर्स या अभ्यासकाने १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात ग्रामीण भागाच्या अभ्यासातले हे तिरपे कल एकेक करून दाखवले. पाहुणे डांबरी रस्त्याच्या कडेची गावं पाहतात. पावसाळ्यात, म्हणजे गरिबांचे सर्वांत वाईट दिवस असतात तेव्हा, कुणी फिरकत नाही. बोलणं होतं ते पुरुषांशी, पुढाऱ्यांशी, योजनेचा लाभ मिळालेल्यांशी. आजारी माणूस घरात आडवा असतो, तो भेटत नाही. चेंबर्स यांनी हे आशिया-आफ्रिकेतल्या अनुभवावरून लिहिलं, पण मेळघाटाच्या किंवा अक्कलकुव्याच्या कुठल्याही आरोग्यसेवकाला ते वाचून दाखवा, तो मान डोलावेल.

या सगळ्याला शास्त्रीय चौकट देण्याचं श्रेय यव्होना लिंकन आणि ईगॉन गुबा यांच्याकडे जातं. १९८५ साली त्यांनी चार निकष मांडले. निष्कर्ष विश्वसनीय आहे का. दुसऱ्या ठिकाणी तो लागू पडेल का, हे वाचकाला ठरवता येईल इतका तपशील दिला आहे का. कामाची रीत कुणाला तपासता येईल का. आणि निष्कर्ष माहितीतून आले आहेत, की संशोधकाच्या मनातून. पद्धतिशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत हे निकष आहेत आणि विद्यार्थी ते पाठ करतात. पाठ केल्याने भागत नाही, म्हणून ते इथेच सोडू आणि जिथे त्यांचा कस लागला त्या प्रत्यक्ष कामांकडे जाऊ.

मेक्सिकोत तेपोस्तलान नावाचं गाव आहे. रॉबर्ट रेडफिल्ड यांनी १९२०च्या दशकात तिथे राहून अभ्यास केला आणि १९३० साली पुस्तक लिहिलं. त्यातलं गाव एकोप्याचं, सण-उत्सवांचं, आपल्या लयीत जगणारं. पुढे ऑस्कर लुईस त्याच गावात गेले. १९५१ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यातल्या गावात जमिनीची भांडणं, दारिद्र्य, हाणामाऱ्या आणि शेजाऱ्याबद्दलचा संशय. गाव एक, संशोधक दोन, चित्रं दोन. मग खोटं कोण बोलत होतं?

रेडफिल्ड यांनी दिलेलं उत्तर प्रत्येक संशोधकाने वाचावं असं आहे. ते म्हणाले की आपल्या पुस्तकामागे एक न उच्चारलेला प्रश्न होता: या माणसांना कशात आनंद वाटतो? आणि लुईस यांच्या पुस्तकामागे दुसरा: या माणसांना कशाचा जाच होतो? दोन पुस्तकांमधल्या वर्षांत गाव बदललं, हेही खरं. पण हा लपलेला प्रश्न दोघांनी आपापल्या पहिल्याच पानावर लिहिला असता, तर वाचकांना गोंधळावं लागलं नसतं. संशोधकाला स्वतःची नजर पुसून टाकता येत नाही. ती कुठून पाहते हे त्याला सांगता येतं, आणि तेवढं त्याने सांगितलंच पाहिजे.

हे सांगणं म्हणजे काय, याचं मराठीतलं उदाहरण इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखात आहे. इरावतीबाई पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या. त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या, ब्राह्मण होत्या, आणि यातलं काहीही त्यांनी लेखात लपवलं नाही. एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी पडते, अभंग एकत्र गायचे आणि जेवायला वेगळं बसायचं, हे त्यांना दिसलं, सलत राहिलं, आणि तो सलही त्यांनी लिहिला. दोन्ही पंगती एक करणं त्यांच्या हाती नव्हतं, म्हणून त्या कधी इकडे, कधी तिकडे बसू लागल्या. मराठा बायकांच्या पंगतीत जेवल्यानंतर त्या बायका अधिक मोकळेपणाने बोलू लागल्या, हात धरून चालू लागल्या, ताई म्हणू लागल्या.

यात पद्धतिशास्त्र किती आहे पाहा. माहिती कशी मिळाली, कुठल्या क्षणानंतर मिळाली, काय केल्यामुळे मिळाली, हे वाचकाला कळतं. पंगतीत बसण्याआधी बाईंनी त्याच बायकांना तेच प्रश्न विचारले असते, तर उत्तरं वेगळी आली असती. ‘संशोधकाने सहभागींशी विश्वासाचं नातं प्रस्थापित केलं’ असं वाक्य आजच्या प्रबंधात एका ओळीत येतं आणि वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. इरावतीबाईंनी ते नातं जेवणाच्या ताटापर्यंत नेऊन दाखवलं.

आता सर्वांत गाजलेला वाद. मार्गारेट मीड १९२५ साली सामोआला गेल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. ताऊ बेटावर राहून त्यांनी किशोरवयीन मुलींचा अभ्यास केला आणि १९२८ साली त्यांचं पुस्तक आलं. पाश्चात्त्य समाजात वयात येणं जितकं वादळी असतं तितकं ते सामोआत नाही, मुलींना मोकळीक आहे, म्हणून ही वादळं निसर्गाची नसून संस्कृतीची आहेत, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक अमाप खपलं. मीड १९७८ साली वारल्या, आणि १९८३ साली डेरेक फ्रीमन यांनी सामोआबद्दलचं हे चित्र मुळातच चुकल्याचा दावा करणारं पुस्तक प्रसिद्ध केलं. पुढे तर मीड यांची एक जुनी सामोअन मैत्रीण, आता वृद्ध झालेली, कॅमेऱ्यापुढे म्हणाली की आम्ही तेव्हा त्यांची थट्टा केली होती. फ्रीमन यांनी सगळा सिद्धांत त्या थट्टेवर उभा असल्याचं ठरवून टाकलं.

या वादात बहुतेकांनी बाजू आधी घेतली आणि पुरावा नंतर शोधला. मार्टिन ओरान्स यांनी वेगळं केलं. ते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवलेल्या मीड यांच्या मूळ टिपणांकडे गेले. १९९६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: मीड फसल्या नव्हत्या. सामोआत कौमार्याला केवढी किंमत आहे हे त्यांना माहीत होतं, त्यांच्या टिपणांत ते आहे. पण पुस्तकात केलेली मोठमोठी विधानं इतकी ढिली आहेत, की ती खरी की खोटी हे तपासताच येत नाही.

सात दशकांनंतर हा निवाडा शक्य झाला तो कशामुळे? मीड यांच्या बुद्धीमुळे नव्हे आणि फ्रीमन यांच्या चिकाटीमुळेही नव्हे. टिपणं जागेवर होती, म्हणून. त्या टिपणांनी मीड यांना एका आरोपातून सोडवलं आणि दुसऱ्यात अडकवलं. खुली ठेवलेली वही दोन्ही कामं करते, आणि प्रामाणिक संशोधकाने दोन्हींची तयारी ठेवली पाहिजे.

ही तयारी नसली की काय होतं, याचंही उदाहरण आहे. मार्ट बाक्स हे ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक होते. बोस्नियातल्या मेजुगोर्ये या तीर्थक्षेत्री युद्धकाळात दोन गटांत रक्तपात झाल्याचं त्यांनी लिहिलं, ते अनेकांनी आधार म्हणून वापरलं. २०१३ साली चौकशी समितीने अहवाल दिला: तसं हत्याकांड घडलंच नव्हतं. इतकी वर्षं ते टिकलं कसं? टोपणनावांच्या, गुप्त ठेवलेल्या माहितीदारांच्या आडून. माहितीदाराचं नाव झाकणं हे त्याच्या संरक्षणासाठी असतं. त्याच पडद्यामागे संशोधक स्वतः लपू शकतो, हे आपल्या शास्त्राने फार उशिरा मान्य केलं.

प्रश्न दिसतो तितका सरळही नाही. ॲलिस गॉफमन यांनी फिलाडेल्फियातल्या पोलिसांच्या ससेमिऱ्यात जगणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांवर २०१४ साली पुस्तक लिहिलं. त्या तरुणांना अटक होऊ नये म्हणून त्यांनी आपली टिपणं नष्ट केली. पुढच्याच वर्षी पुस्तकातल्या घटनांवर शंका घेतल्या गेल्या आणि दाखवायला काहीच उरलं नव्हतं. त्यांचा हेतू माणसं वाचवण्याचा होता. तो खोटा मानण्याचं कारण नाही. तरी वाचकापाशी फक्त त्यांचा शब्द राहिला.

याउलट एम. एन. श्रीनिवास. म्हैसूरकडच्या रामपुरा या गावात, हे त्यांनी दिलेलं टोपणनाव, त्यांनी १९४८ साली मुक्काम केला. १९७० साली ते कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला असताना त्यांच्या अभ्यासिकेला आग लावली गेली आणि वर्षानुवर्षं मेहनतीने लावलेल्या टिपणांच्या प्रती जळाल्या. त्यांनी मग आठवणीतून पुस्तक लिहिलं, ते १९७६ साली आलं, आणि आठवणीतून लिहिल्याचं नावापासूनच सांगितलं. वाचक त्यातल्या प्रत्येक प्रसंगाचं वजन त्या माहितीनिशी करतो. पुरावा गमावणं आणि पुरावा गमावल्याचं सांगणं, यांत श्रीनिवास यांनी दुसरं केलं, म्हणून ते पुस्तक आजही शिकवलं जातं.

उरली एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकं फार सोपी करून सांगतात: लिहिलेलं सहभागींना वाचून दाखवावं, त्यांनी होकार दिला की ते खरं. नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी आयर्लंडमधल्या एका खेड्यातल्या मानसिक आजारांवर १९७९ साली पुस्तक लिहिलं. गावाचं नाव बदललं होतं, तरी ते लवकरच ओळखलं गेलं. गावकऱ्यांनी पुस्तक वाचलं आणि ते दुखावले. वीस वर्षांनी त्या परत गेल्या तेव्हा त्यांना गाव सोडायला सांगितलं गेलं. पुढच्या आवृत्तीत त्यांनी हे सगळं नव्या प्रस्तावनेत लिहिलं, गावातलं चांगलं आपल्याकडून सुटल्याचंही लिहिलं. गावाचा राग म्हणजे निष्कर्ष चुकल्याचा दाखला नव्हे, कारण आपल्याबद्दलचं खरं ऐकून कुठलंही गाव रागावू शकतं. पण तो राग हीसुद्धा माहितीच आहे. ‘सहभागींना निष्कर्ष दाखवले व त्यांनी मान्यता दिली’ असं लिहिणाऱ्या संशोधकाला विचारावं: कोणता भाग त्यांना पटला नाही? काहीच नाही, असं उत्तर आलं तर बहुधा त्यांना नीट दाखवलंच गेलेलं नाही.

मूळ पुरावा खुला ठेवण्याचं काम आपल्याकडे कुणी नीट केलं आहे का? केलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत. तिथे ओवीखाली ती गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. अनेक ओव्यांचं ध्वनिमुद्रण ऐकता येतं. उद्या कुणी म्हणालं की या ओवीचा लावलेला अर्थ चुकला आहे, तर त्याला मूळ आवाजापर्यंत परत जाता येतं. आणि ज्या बाईने गायलं, तिचं नाव माहितीदार क्रमांक अमुक असं झालेलं नाही. जिथे नाव दिल्याने धोका नाही, उलट मान आहे, तिथे ते झाकणं हा अन्याय असतो.

आता आपल्या विद्यापीठांबद्दल थोडं, कारण या सभागृहात मार्गदर्शक आहेत आणि विद्यार्थीही आहेत. आज पीएच.डी.चा प्रबंध मंजूर झाला की तो ‘शोधगंगा’वर जातो, कुणालाही वाचता येतो. चांगली सोय आहे. पण तिथे पोचतो तो प्रबंध. मुलाखतींची टिपणं, ध्वनिमुद्रणं, कुठल्या वाक्यावरून कुठला निष्कर्ष काढला त्याच्या नोंदी, हे सगळं संशोधकाच्या लॅपटॉपमध्ये किंवा माळ्यावरच्या खोक्यात राहतं, आणि काही वर्षांत नाहीसं होतं. विभागांनी ते मागून घ्यावं. ज्या माणसांना धोका असेल त्यांची नावं काढून, ठरावीक मुदतीचं कुलूप लावून, सहभागींची परवानगी घेऊन ठेवावं. ती परवानगी मुलाखतीच्या आधी, त्यांच्या बोलीत, टिपणं पुढे कोण वाचू शकेल हे सांगून घ्यावी. आणि तोंडी परीक्षेत तीसच का, हे विचारण्याआधी परीक्षकांनी विद्यार्थिनीला विचारावं: तुमच्या निष्कर्षाच्या विरुद्ध बोलणारी बाई कोणती, आणि ती प्रबंधाच्या कोणत्या पानावर आहे?